ओढ्यापलीकडची चार घरे

मी, लेनर्ड आर्थर क्रॅबट्री, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, निवृत्त वकिली कारकून, राहणार चर्च लेन, मार्केट ऑस्बी, परगणा लिंकनशायर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना चष्मा लागतो आणि डाव्या गुडघ्याला काठी, पण डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी गेल्या सोमवारीच सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. यापूर्वी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रे मी रद्द करतो. त्या तिन्हींत एक गोष्ट लिहायची राहून गेली. राहून गेली असे म्हणणेही खोटेच, मी ती राहू दिली. चाळीस वर्षे मी गावाची मृत्युपत्रे लिहून दिली आणि प्रत्येकाला बजावले, की बाबा रे, निदान इथे तरी खरे लिही. स्वतःची वेळ आली तेव्हा तीनदा शेपूट घातले.

कलम पहिले. माझे दफन चर्चच्या उत्तरेच्या भिंतीकडे करावे. दक्षिणेकडची ऊन येणारी जागा मी एकोणीसशे एकोणपन्नास सालीच राखून ठेवली होती, ती सोडून देत आहे. दफनानंतर लोकांना चहा आणि हॅमची सँडविचे द्यावीत, हॅम जाड कापावे. नगर इतिहास मंडळाने माझ्यावर भाषण करू नये. मंडळाचा मी एकतीस वर्षे चिटणीस होतो, त्यामुळे भाषण कसे होईल ते मला पाठ आहे. 'ऑस्बीच्या स्मृतीचे राखणदार' वगैरे. ते शब्द कोणी उच्चारले तर त्याला चहा देऊ नये.

कलम दुसरे. माझा पुतण्या राल्फ क्रॅबट्री, राहणार नॉटिंगहॅम, याला माझा हवामानदर्शक द्यावा. तो गेली वीस वर्षे 'पाऊस' दाखवतो आहे आणि आमच्याकडे बहुतेक वेळा बरोबर ठरतो. बाकी काही देऊ नये. दहा वर्षांपूर्वी ईस्टरला जेवायला आला असता राल्फ मला म्हणाला, "काका, तुम्हाला जिवंत माणसांपेक्षा कागद प्यारे." मी त्याला ताटावरून उठवले. तरीही या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी, कारण तो मला आवडत नसला तरी खोटे बोलत नाही.

कलम तिसरे. जमीन मोजायची माझी लोखंडी साखळी, तिच्या कातडी पेटीसह, ग्रामर स्कूलमध्ये भूगोल शिकवणाऱ्यांना द्यावी. अट एकच. ती घेऊन मुलांना मोजणीला नेतील तेव्हा आधी तिथल्या घरांची दारे ठोठावावीत आणि आतल्या म्हाताऱ्यांना विचारावे. मी ते केले नाही. मी साखळी टाकली, आकडा काढला आणि चहाला घरी आलो.

कलम चौथे. मागच्या खोलीत माझ्या 'मार्केट ऑस्बीचा इतिहास' या ग्रंथाच्या दोनशे बारा न खपलेल्या प्रती आहेत. त्या फाडू नयेत, जाळू नयेत. प्रत्येक प्रतीत पान सत्त्याऐंशीवर एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर छापावे: 'या पानावर लेखकाने पहिल्या आवृत्तीत चूक केली आणि दुसऱ्या आवृत्तीत जाणूनबुजून खोटे लिहिले.' गोंद चांगला वापरावा.

ही चिठ्ठी कशासाठी, ते सांगणे भाग आहे. सांगताना कान तापतात, तरी सांगतो.

आमच्या गावात बारा खोल्या आहेत. लोकरीचा व्यापारी फ्रान्सिस वेल याने सोळाशे तेवीस साली त्या बांधल्या आणि दस्तात लिहून ठेवले, की इथे बारा निराधार बायकांना मरेपर्यंत राहू द्यावे, मात्र त्या 'ऑस्बीच्या हद्दीत जन्मलेल्या' असाव्यात. वर्षातून एकदा, वेलच्या दिवशी, त्या बाराजणी निळे झगे घालून चर्चला जातात. तिथे एकेकीचे नाव पुकारतात, ती उभी राहून "आहे" म्हणते. जी मरते तिचे नाव चर्चमधल्या फळीवर सोनेरी अक्षरांत लिहिले जाते. सोन्याने लिहिलेले नाव आमच्याकडे एरवी फक्त सरदारांच्या वाट्याला येते. त्यामुळे गावातल्या गरीब बाईला त्या फळीचे केवढे अप्रूप असते, हे बाहेरच्यांना कळायचे नाही.

सात नंबरच्या खोलीत मिस एडिथ पॅलिस्टर राहत असे. शाळेत ती माझ्या दोन वर्षे पुढे होती. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, बोटे वाकडी झाली, मग खोली मिळाली. तिचा जन्म टॅनर्स रोमधला, म्हणजे मिल ओढ्यापलीकडच्या चार घरांतला. ती घरे गावातच धरली जात. कोणी कधी विचारलेच नव्हते.

विचारले ते मी. ग्रंथासाठी मी गावाची जुनी हद्द नव्याने शोधून काढत होतो. दरवर्षी मे महिन्यात आमचे धर्मगुरू गावकऱ्यांना घेऊन हद्दीवरून फिरतात आणि प्रत्येक दगडावर विलो झाडाच्या फोकाने मारतात, म्हणजे दगड विसरला जाऊ नये. ओढ्याचा दगड अलीकडच्या काठावर आहे. मी साखळीने मोजले, जुन्या दस्ताशी ताडून पाहिले आणि जाहीर केले, की चारही घरे हद्दीबाहेर आहेत, गावाची साडेतीनशे वर्षांची समजूत चुकीची आहे. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. लोक रस्त्यात थांबवून विचारत, "काय हो क्रॅबट्री, माझं घर तरी गावात आहे ना?" आणि मी म्हणत असे, "बघून सांगतो."

ग्रंथ निघाला तेव्हा धान्यबाजाराच्या सभागृहात माझे व्याख्यान झाले. पान सत्त्याऐंशी मी मोठ्याने वाचले. मागून एडिथ उभी राहिली. "अरे लेनर्ड," ती म्हणाली, "तो दगड हलवलेला आहे. नवा पूल बांधताना आमच्या पणजोबानं आपल्या गाडीतून नेऊन अलीकडं ठेवला. आमच्या घरात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. तू एवढी साखळी ओढत फिरलास, आमच्या दारावर एकदा थाप मारली असतीस तर चहाही मिळाला असता."

सभागृह खो खो हसले. मेजर डेनिसन, बारा खोल्यांचे तेव्हाचे अध्यक्ष, तेही हसले. मी म्हणालो, "मॅडम, इतिहास कागदावर चालतो, गप्पांवर नाही." 

बारा खोल्यांचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांचाही चिटणीस मीच, पुढच्या महिन्यात त्यांच्या सभेत मीच विषय काढला. नियम, दस्त, पान सत्त्याऐंशी. मेजर म्हणाले, "अहो क्रॅबट्री, म्हातारी राहतेय, राहू द्या की." मी म्हणालो, "मग दस्ताला अर्थ काय उरला?" तेव्हा मला वाटत होते की मी तत्त्वाचे बोलतो आहे. आज लिहून ठेवतो, की सभागृह हसले नसते तर मी तो विषय काढलाच नसता.

तिला तीन महिन्यांची मुदत दिली. एकोणीसशे एकोणसाठच्या सप्टेंबरात ती चौदा मैलांवरच्या परगण्याच्या वृद्धाश्रमात गेली. निळा झगा परत करावा लागतो. तिने तो धुऊन, इस्त्री करून माझ्या दारात आणून दिला आणि म्हणाली, "बाही उसवली होती, शिवलीय." मी पावती दिली.

पुढच्या वसंतात, आमच्या ऑफिसातल्या जुन्या पेटाऱ्यात, पुलाच्या कामाच्या कागदांत मला एक चिठोरे सापडले. अठराशे एकतीस साल. 'हद्दीचा दगड पुलाच्या पायासाठी अडचणीचा असल्याने पलीकडून उचलून अलीकडे चाळीस पावलांवर ठेवला. गाडीवान जॉब पॅलिस्टर.' त्याखाली जॉबची फुली आणि मोजणीदाराची सही.

मी तो कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला. का, ते मी स्वतःला शंभर वेळा विचारले आहे आणि उत्तर दरवेळी तेच आले. ग्रंथ छापून झाला होता. परगण्याच्या इतिहास संस्थेने पदक दिले होते. आणि तिच्यामुळे सभागृह मला हसले होते.

एकदा, फक्त एकदा, मी कागद खिशात घालून बसने तिच्याकडे गेलो. खिडकीपाशी विणत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये. बाजाराची घंटा अजून वाजवतात का रे सकाळी? इथं नुसती जेवणाची वाजते." मी हो म्हणालो. मग मी पिशवीतून काढून काय दिले, तर माझ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती. सहीसकट. ती पाने चाळत म्हणाली, "यात तरी टॅनर्स रो आहे का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "बरं. शेगडी पेटवायला होईल." आणि पुन्हा विणायला लागली. कागद माझ्या खिशातच राहिला. परतीच्या बसमध्ये मी खिशावर हात दाबून बसलो होतो, जणू कोणी चोरून नेईल.

त्रेसष्टच्या त्या भयंकर थंडीत, फेब्रुवारीत, ती गेली. तिकडेच पुरली. फळीवर तिचे नाव नाही. वेलच्या दिवशी मी दरवर्षी त्या फळीसमोरच्या बाकावर बसतो आणि मान वर करत नाही. लोकांना वाटते, म्हातारा प्रार्थना करतोय.

कलम पाचवे. माझे चर्च लेनमधले घर, आतल्या सामानासह, मी मिस आयव्ही पॅलिस्टर, वय चौऱ्याहत्तर, कै. एडिथची धाकटी बहीण, हिला देतो. आयव्ही ज्या भाड्याच्या घरात राहते ते मालकाने विकायला काढले आहे, नाताळच्या आत तिला जागा सोडायची आहे. बारा खोल्यांपैकी एक सध्या रिकामी आहे, तिने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नामंजूर. कारण तिचाही जन्म टॅनर्स रोचा. दोन्ही नकारपत्रे माझ्या अक्षरातली आहेत.

कलम सहावे. बिस्किटांचा डबा माझ्या दफनानंतर, चहा होऊन लोक घरी गेल्यावर, राल्फने उघडावा आणि आतला कागद विश्वस्तांना द्यावा.

इथवर मी काल लिहून ठेवले होते. आज सही करायची होती. शेजारचे सिरिल ब्लँचर्ड, लोखंडी सामानाचे दुकानदार, अकरा वाजता साक्षीला येणार होते, सोबत दुकानातल्या मुलीला आणणार होते. आज बाजाराचा दिवस. मी खिडकीतून आयव्हीला भाजी घेऊन जाताना पाहिले आणि तिला हाक मारली. कशासाठी, तेही लिहितो, लाजत लिहितो. पाचवे कलम तिला वाचून दाखवायचे होते. मेल्यावर आभार ऐकू येत नाहीत, मला ते जिवंतपणी ऐकायचे होते.

ती आली, पिशवी टेबलावर ठेवली, कोट काढला नाही. मी कागद तिच्यापुढे सरकवले. तिने पाचवे कलम तेवढे वाचले नाही, पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. बोट ठेवून, एकेक शब्द. मी चहा केला, तो गार झाला.

मग तिने विचारले, "एडीला हे कळलं होतं? कागद सापडल्याचं?"

"नाही."

"म्हणजे ती खोटारडी ठरूनच मेली."

मी गार झालेला चहा बाजूला सरकवला. ती म्हणाली, "शेवटी शेवटी मला म्हणायची, 'आयव्ही, आपल्या बापानं आपल्याला थापा मारल्या असतील का गं?' बापाला थापाड्या म्हणून गेली ती, लेनर्ड. तुझ्या बिस्किटांच्या डब्यापायी."

मी म्हणालो, "आयव्ही, मला माफ..."

"गप्प बस. एडीची माफी माझ्याकडं ठेवलेली नाही. असती तरी दिली नसती." मग तिने सहाव्या कलमावर बोट आपटले. "आणि हे काय? चहा होऊन लोक घरी गेल्यावर? मी डिसेंबरात रस्त्यावर येणार, आणि तू मरायची वाट बघायची? तुझी तब्येत तर ठणठणीत दिसतेय."

मी पाचवे कलम दाखवले. म्हणालो, "घर तुझंच होईल. हवं तर उद्यापासून इथं राहायला ये."

"तुझ्या घरात?" ती एवढ्या जोरात म्हणाली की सिरिल, जे नेमके तेव्हा एकटेच दारात आले होते, ते मागे सरले. "तुझं घर कोणाला हवंय! मला माझी खोली हवी. हक्काची. अर्ज केलाय मी. आणि एडीचं नाव फळीवर हवं, सोन्यानं, मला वाचता येईल एवढं मोठं. विश्वस्तांची सभा कधी आहे?"

"उद्या. अकराला."

"मग उद्या अकराला तू उभा राहशील आणि वाचशील. व्याख्यान देताना वाचलं होतंस तसं, मोठ्यानं. मी मागं बसणार आहे. कोणी हसलं तर हसू देत."

 मी म्हणालो, की लिहून दिले तर चालेल का. ती म्हणाली, "लिहिलंस तू पुष्कळ."

मग तिने डबा उघडायला लावला. कागद हातात घेऊन जॉबच्या फुलीवर अंगठा फिरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत भाजीच्या खाली ठेवला. "हा आज माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाही." सिरिलने खोकून आढ्याकडे पाहिले. तिचे म्हणणे बरोबर आहे. मीही माझा भरवसा धरला नसता.

तेव्हा कलम सातवे. सहावे कलम रद्द. वर लिहिलेले सर्व मी उद्या, गुरुवारी, विश्वस्तांच्या सभेत स्वतः उभा राहून वाचणार आहे आणि विश्वस्तांच्या चिटणीसपदाचा राजीनामा देणार आहे. हे मृत्युपत्र वाचणाऱ्यांनी आधी त्या सभेचे इतिवृत्त काढून पाहावे. मी वाचले असे त्यात नसेल, तर मला ओढ्यापलीकडे, जुन्या हद्दीच्याही बाहेर पुरावे.

कलम आठवे. आता हे कलम आयव्ही समोर बसून लिहून घेते आहे, म्हणून जसेच्या तसे. सिरिल दुकानातल्या मुलीला बोलवायला निघाले, तेव्हा आयव्ही म्हणाली, "पोरीला कशाला? साक्षीला मी आहे की." मी तिला समजावले, की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, तसा कायदाच आहे, तू सही केलीस की पाचवे कलम तुझ्यापुरते मेले. ती म्हणाली, "तुमच्या ऑफिसच्या फरशा मी वीस वर्षं पुसल्या. एवढं माहीत आहे मला. म्हणूनच तर म्हणतेय."

मी पाचवे कलम खोडायला पेन उचलले. तिने माझा हात धरला. "खोडू नकोस. राहू दे. मला काय मिळत होतं आणि मी काय घेतलं नाही, ते वाचू दे लोकांना."

पाचवे कलम त्यामुळे जसेच्या तसे ठेवले आहे. ते निष्फळ ठरल्यावर घर कोणाला, असे मी विचारले. ती कोटाची बटणे लावत म्हणाली, "पुतण्याला दे. तो खरं बोलला होता, आणि तू त्याला उपाशी उठवलंस." सबब दुसऱ्या कलमातले 'बाकी काही देऊ नये' रद्द, घर राल्फला द्यावे. हवामानदर्शक घरातच असू द्यावा.

दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, दोघेही एकाच वेळी हजर असताना, मी खाली सही करत आहे. आजची सही नेहमीसारखी वळणदार नाही. तिच्या खरेपणाबद्दल कोणी शंका घेऊ नये.

मार्केट ऑस्बी, बुधवार, १३ ऑक्टोबर १९७१.

लेनर्ड आर्थर क्रॅबट्री

साक्षीदार:

१. सिरिल ब्लँचर्ड, लोखंडी सामानाचे दुकानदार, चर्च लेन, मार्केट ऑस्बी.

२. आयव्ही पॅलिस्टर, पूर्वी साफसफाईच्या कामावर, सध्या राहणार बार्न स्ट्रीट, मार्केट ऑस्बी. जन्म टॅनर्स रो, तेही मार्केट ऑस्बीच.